कलकत्त्याचा डाव आणि एक घर सरकलेले प्यादे

बुद्धिबळाच्या इतिहासात जिंकणाऱ्यांची नावे राहतात, हरणाऱ्यांची पुसली जातात, असा आपला सर्वसाधारण समज आहे. तो बहुतांशी खराही आहे. परंतु एखादा डाव असा निघतो की, त्यात बाजी एकाची होते आणि वारसा दुसऱ्याचा उरतो. १८५५ साली कलकत्त्यास खेळला गेलेला एक डाव या जातीचा आहे. पांढरी मोहरी होती जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराकडे आणि काळी होती महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाकडे. एकविसाव्या खेळीला काळा राजा आपल्याच फौजेच्या गराड्यात कोंडून मात होतो. ती मात इतकी देखणी आहे की, पाहणाऱ्याचे लक्ष तिथेच खिळून राहावे. पण रसिकांनी हा डाव दोनदा पाहावा अशी आमची विनंती आहे: एकदा मातीसाठी आणि एकदा काळ्याच्या पहिल्या चार खेळ्यांसाठी.

आधी खेळाडूंची ओळख करून घेऊ. कॉक्रेनचा जन्म १७९८ चा. चोविसाव्या वर्षी, म्हणजे १८२२ साली, त्याने बुद्धिबळावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. पुढे वकिलीसाठी तो हिंदुस्थानात आला व आयुष्याचा मोठा काळ कलकत्त्यास राहिला. मध्यंतरी रजेवर विलायतेस गेला असता त्या काळचा तेथील अग्रगण्य खेळाडू स्टॉन्टन याच्याशी त्याने शेकडो डाव खेळले. पोट वकिलीवर आणि जीव पटावर, असा हा अस्सल हौशी गडी. हल्ला हा त्याचा स्वभाव होता. एखादे मोहरे बळी देऊन शत्रूच्या राजाला उघड्यावर आणायचे आणि मग त्याला उसंत मिळू द्यायची नाही, ही त्याची रीत.

कलकत्त्यात त्याला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळेना. १८४८ च्या सुमारास तेथील क्लबाच्या एका सभासदाला मुफस्सिलात, म्हणजे शहराबाहेरच्या गावाकडे, कधीही न हरलेला एक ब्राह्मण असल्याचे कळले व तो त्याच्या शोधात गेला, अशी हकीकत लंडनच्या 'चेस प्लेअर्स क्रॉनिकल' या मासिकाला पाठविलेल्या पत्रात सांगितली आहे. तो ब्राह्मण म्हणजे महेशचंद्र. इंग्रजी पुस्तकांतून त्याचे नाव 'मोहेशचंदर', 'मोहिशंदर' अशा नाना रूपांत छापले गेले आहे. पुढे क्लबाशी संबंधित पगारी खेळाडू म्हणून त्याला ठेवण्यात आले. एक साहेब हौसेने खेळणारा, दुसरा त्याच्या हौसेसाठी नेमलेला, असे हे दोघे वर्षानुवर्षे समोरासमोर बसले. त्यांचे शेकडो डाव टिपले गेले. त्यांतले अधिक कॉक्रेनने जिंकले.

आता देशी पद्धतीविषयी दोन शब्द. आपल्या जुन्या घराण्यांतील वडीलधाऱ्यांना हे सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी सांगितलेले बरे. देशी खेळात साधारणपणे प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालते. राजाला किल्लेबंदी नाही. शह बसण्यापूर्वी एकदा घोड्यासारखी उडी मारण्याची मुभा असते. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की, ज्या रांगेत पोहोचेल तिथले मोहरे होते. अशा खेळात सुरुवात सावकाश होते. प्यादी एकेक घर सरकतात आणि उंट घोड्याच्या प्याद्यामागे कोपऱ्यात जाऊन लांब तिरक्या रेषेवर नजर ठेवून बसतो. विलायती खेळाशी या खेळाची गाठ घालण्याचे प्रयत्न आपल्या बाजूलाही फार पूर्वी झाले होते. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील निबंध विलायती पद्धतीस जुळवून घेऊन इंग्रजीत १८१४ सालीच मुंबईस छापले गेले होते. महेशचंद्राने ही गाठ पुस्तकात घातली नाही, पटावर घातली.

वाचकांनी आता पट मांडून घ्यावा. घरे ज्याची खेळी त्याच्या बाजूने मोजली आहेत, ही आपली जुनीच रीत.

पहिली खेळी: पांढऱ्याने वजिराचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. काळ्याने राजाकडील घोडा उंटाच्या तिसऱ्या घरात आणला. त्या काळी या प्याद्याला समोर तसेच प्यादे टाकून उत्तर देण्याची चाल रूढ होती. मध्यावर प्याद्याने हक्क न सांगता दुरून घोड्याने पाहणे, हे विलायती गुरूंना पसंत पडणारे नव्हते.

दुसरी खेळी: पांढऱ्याने वजिराकडील उंटाचे प्यादे दोन घरे टाकले आणि काळ्याने राजाकडील घोड्याचे प्यादे एक घर सरकवले. हेच ते प्यादे! मुफस्सिलातल्या ओसरीवर शिकलेला हात इथे दिसतो.

तिसरी व चौथी खेळी: पांढऱ्याचा वजिराकडील घोडा उंटाच्या तिसऱ्या घरात आला, तेव्हा काळ्याने वजिराचे प्यादे एकदम दोन घरे टाकून मध्यावर टक्कर दिली. मग पांढऱ्याने राजाचे प्यादे एक घर पुढे केले आणि काळ्याने राजाकडील उंट घोड्याच्या दुसऱ्या घरात बसवला. इथे क्षणभर थांबावे. एका प्याद्याची चाल देशी, दुसऱ्याची विलायती, आणि दोन्ही एकाच बेताचा भाग! पांढऱ्याला मधले घर घेऊ द्यायचे आणि मग उंटाच्या लांब माऱ्याने व बाजूच्या प्याद्याने ते मधले ठाणे खिळखिळे करायचे, असा हा बेत आहे.

पाचवी ते आठवी खेळी: पांढऱ्याने दुसरा घोडा उंटाच्या तिसऱ्या घरात आणला. काळ्याने किल्लेबंदी केली. गंमत अशी की, ज्या खेळात किल्लेबंदी नाही त्या खेळात वाढलेल्या महेशचंद्रानेच ती आधी केली. साहेबाने ती नवव्या खेळीला केली. सहाव्या खेळीला प्याद्याने प्यादे मारले गेले व काळ्याच्या घोड्याने ते परत घेतले. पांढऱ्याचा उंट राजाच्या दुसऱ्या घरात आला तोच काळ्या घोड्याने पांढरा घोडा मारला, आणि पांढऱ्याने घोड्याच्या प्याद्याने तो घोडा घेतला. आता काळ्याने वजिराकडील उंटाचे प्यादे दोन घरे पुढे करून मधल्या ठाण्यावर घाव घातला. बेत होता तसाच उतरला.

नववी व दहावी खेळी: पांढऱ्याची किल्लेबंदी झाली. काळ्याच्या प्याद्याने वजिराचे प्यादे मारले, पांढऱ्याच्या प्याद्याने ते परत घेतले आणि काळ्याचा दुसरा घोडा उंटाच्या तिसऱ्या घरात आला. इथवर काळ्याकडे तक्रार करण्यासारखे काही नाही. मोहरी मोकळी आहेत, राजा सुरक्षित आहे आणि कोपऱ्यातला उंट मधल्या प्याद्याकडे डोळे लावून बसला आहे.

अकरावी व बारावी खेळी: पांढऱ्याचा उंट घोड्याच्या दुसऱ्या घरात गेला. काळ्याचा उंट पांढऱ्याच्या घोड्यावर धावून राजाकडील घोड्याच्या पाचव्या घरात आला. दोघांनीही वजिराकडील हत्ती उंटाच्या मोकळ्या रांगेत आणले. हत्तीसमोर हत्ती, मध्ये एकटा काळा घोडा.

तेरावी खेळी: कॉक्रेनने उंट हत्तीच्या तिसऱ्या घरात आणून राजासमोरच्या काळ्या प्याद्यावर रोख धरला. महेशचंद्राने वजीर वजिराकडील हत्तीच्या चौथ्या घरात आणला व त्या बिनजोर उंटावर उलटा रोख धरला. चाल चपखल दिसते, पण तिची किंमत आहे. घरी बसलेला वजीर राजासमोरच्या प्याद्याला जोर देत होता. तो जोर गेला.

चौदावी खेळी: पांढऱ्याचा वजीर घोड्याच्या तिसऱ्या घरात आला. एका खेळीत तीन कामे झाली. उंटाला जोर मिळाला, काळ्याच्या वजिराकडील घोड्याच्या प्याद्यावर नजर गेली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिरक्या रेषेने काळ्या राजाजवळच्या उंटाच्या प्याद्यावर वजिराची दृष्टी स्थिर झाली. काळ्याने उत्तरादाखल राजाकडील हत्ती राजाच्या घरात आणला. त्याचा हेतू सरळ आहे. राजासमोरच्या प्याद्याला एकट्या घोड्याचा जोर पुरेना, म्हणून हत्तीने त्याला हात दिला. परंतु हाच हत्ती आजवर उंटाच्या प्याद्याला जोर देत उभा होता. तो हलला आणि त्या प्याद्याला राखणारा राजाच तेवढा उरला. डावाचा काटा फिरला तो इथे. महेशचंद्राची सुरुवात खोटी नव्हती. दिसणारा घाव वाचवताना न दिसणाऱ्या घावाकडे पाठ झाली, हा दोष मात्र खरा.

पंधरावी व सोळावी खेळी: आता कॉक्रेनचा हत्ती चालू लागला. तो उंटाच्या पाचव्या घरात गेला. तिथे त्याला प्याद्याचा आणि उंटाचा असा दुहेरी जोर आहे. काळ्या वजिरावर घाव. वजीर घोड्याच्या तिसऱ्या घरात हटला आणि वजिराला वजीर देऊ करू लागला. ज्याला हल्ला करायचा आहे तो वजीर कशाला देईल? हत्ती एक घर आडवा सरकून घोड्याच्या पाचव्या घरात मध्येच उभा राहिला. पुन्हा वजिरावर घाव! काळा वजीर निमूट आपल्या मूळ घरी परतला. तीन खेळ्या फिरून तो होता तिथेच आला, आणि तेवढ्या वेळात पांढऱ्याचा वजीर व हत्ती मोक्याच्या जागी जाऊन बसले.

सतरावी खेळी: पांढऱ्याचा घोडा उसळून राजाकडील घोड्याच्या पाचव्या घरात आला. या खेळीत तीन धार आहेत. पहिली, वजीर आणि घोडा दोघे मिळून उंटाच्या प्याद्यावर आले. दुसरी, घोडा बाजूला होताच मागचा पांढरा उंट समोरच्या काळ्या उंटावर उघडा झाला, आणि त्या काळ्या उंटाला कुणाचाच जोर नाही. तिसरी धार बारकाईने पाहिल्याशिवाय दिसत नाही. काळ्याने राजाचे प्यादे एक घर पुढे करून वजिराची वाट अडवावी आणि त्याच खेळीत आपल्या वजिराकडून पुढे आलेल्या घोड्यावर मारा करावा, असे कुणालाही सुचेल. पण सोळाव्या खेळीचा तो हत्ती आडव्या ओळीतून थेट त्या घोड्यापर्यंत जोर देतो आहे! काळ्या वजिराने घोडा मारला तर वजीरच जाईल. न मारला तर उंट जाईल. वजिराला हुसकायला निघालेला हत्ती जाता जाता पटाच्या दुसऱ्या टोकाची राखणही करून गेला. याला म्हणावे हल्ल्याची बांधणी.

महेशचंद्राने उंटाने उंट मारला. तो काळा उंट आता पांढऱ्याच्या दोन्ही हत्तींवर एकदम बसला आहे. नवखा खेळाडू इथे हत्ती वाचवायला धावला असता.

अठरावी खेळी: कॉक्रेनने हत्तींकडे पाहिलेसुद्धा नाही. घोड्याने उंटाचे प्यादे मारले. राजाला हा घोडा मारता येत नाही, कारण मागून वजिराचा जोर आहे. घोड्याचा घाव काळ्या वजिरावर आहे आणि घोडा हलताच वजिराचा शह उघडणार आहे. काळ्याने उंट मागे आणून मध्ये घातला असता तर पांढऱ्या वजिराने तो मारून रोख तसाच ठेवला असता. महेशचंद्राने शेवटचा हिसका दिला: घोडा हत्तीच्या चौथ्या घरात आणून पांढऱ्या वजिरावरच घाव घातला. आता पांढऱ्याचा वजीर आणि दोन्ही हत्ती अशी तीन मोठी मोहरी एकाच वेळी माऱ्यात आहेत. पण खेळी कॉक्रेनची आहे, आणि इथून तीन खेळींत मात आहे.

एकोणिसावी खेळी: घोडा हत्तीच्या सहाव्या घरात. शह घोड्याचा आणि शह मागून वजिराचाही. दुहेरी शहाला मोहरे मध्ये घालता येत नाही, एकाला मारून सुटका होत नाही. राजालाच हलावे लागते. तो उंटाच्या घरात गेला तर वजीर उंटाच्या सातव्या घरात येऊन तिथल्या तिथे मात करतो. म्हणून राजा कोपऱ्यात हत्तीच्या घरात जातो.

विसावी खेळी: वजीर थेट घोड्याच्या आठव्या घरात, राजाला भिडून शह! घोड्याचा जोर असल्यामुळे राजाला वजीर मारता येत नाही. काळ्या हत्तीला तो मारावाच लागतो. हा तोच चौदाव्या खेळीचा हत्ती, जो राजाला सोडून गेला होता. तो परत आला, पण राजाच्या सुटकेची उरलेली वाट बंद करण्यासाठी!

एकविसावी खेळी: घोडा पुन्हा उंटाच्या सातव्या घरात. शह आणि मात. काळ्या राजाच्या एका बाजूला स्वतःचा हत्ती, समोर स्वतःचे प्यादे, तिरक्या घरात स्वतःचा उंट. काळ्याचा वजीर, दोन्ही हत्ती, दोन्ही उंट आणि घोडा, सगळे जिवंत आहेत. पांढऱ्याकडे वजीरही नाही. एकट्या घोड्याने एवढ्या लवाजम्यातल्या राजाला मारले.

या मातीची युक्ती कॉक्रेनची स्वतःची नव्हे. स्पेनच्या लुसेनाच्या १४९७ सालच्या पुस्तकात ती आहे. कॉक्रेनचे कौतुक हे की, तिथवर पोहोचण्याची वाट त्याने सतराव्या खेळीच्या आधीच आखली. शिवाय उंटाच्या त्या प्याद्याशी त्याचे जुने वैर होते. १८४८ साली याच महेशचंद्राविरुद्ध त्याने चौथ्याच खेळीला घोडा देऊन तेच प्यादे मारले होते. त्या सुरुवातीला बुद्धिबळाच्या पुस्तकांतून अजूनही कॉक्रेनचेच नाव आहे.

आता डाव दुसऱ्यांदा पाहावा, आणि चौथ्या खेळीपाशी थांबावे. घोडा, एक घर सरकलेले प्यादे, वजिराच्या प्याद्याची टक्कर, कोपऱ्यातला उंट. या मांडणीचा आज नोंदीत सापडणारा हा सर्वांत जुना डाव आहे. पुढे सदुसष्ट वर्षांनी, १९२२ साली, व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती मोठ्या स्पर्धांतून खेळायला घेतली व व्हिएन्नाच्या स्पर्धेत तिच्या जोरावर अलेखिनला हरवले. हाच अलेखिन १९२७ मध्ये जगज्जेता झाला. तेव्हापासून जग तिला 'ग्रुनफेल्ड बचाव' म्हणते. १९५६ साली न्यूयॉर्कला तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नला ज्या डावात हरवले व ज्याला 'शतकातला डाव' म्हटले गेले, तो याच बचावाचा. २०१० साली सोफियाला जगज्जेतेपदाच्या लढतीत विश्वनाथन आनंदने पहिल्याच डावात तो वापरला. तो डाव आनंद हरला, पण लढत त्याने साडेसहा विरुद्ध साडेपाच अशी जिंकली.

ग्रुनफेल्डचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. त्याने ही मांडणी शास्त्रात बसवली, तिच्या फांद्या शोधल्या, ती जगाला पटवून दिली. एवढे खरे की, महेशचंद्राजवळ शास्त्र नव्हते, सवय होती. लहानपणापासून प्यादे एक घर चालवण्याची, उंटाला कोपऱ्यातून दूरवर पाहायला लावण्याची सवय. नवे नियम आले तेव्हा त्याने जुनी सवय टाकली नाही आणि तिला कवटाळूनही बसला नाही. जिथे दोन घरांची चाल हवी तिथे त्याने ती घेतली, जिथे एक घर पुरे तिथे एकच घर चालला. परमुलखात पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या आपल्या घरांना ही तडजोड अनोळखी वाटू नये. बोली राखावी, रिवाज राखावा, पण दारातल्या नव्या वाटेने चालायलाही शिकावे, हे आपण घरोघर करीतच आलो.

अशा सुरुवातींना 'इंडियन' हे नाव मिळाले ते त्याच्याच खेळावरून, असे मानतात. म्हणजे माणसाचे नाव गेले, देशाचे राहिले. या डावानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५५ साली, आंध्रातील एलुरू येथे भारताची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली व तिचे विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांनी विभागून घेतले. तोवर विलायती पद्धत आपली झाली होती आणि देशी पद्धत ओसरीवरून उठू लागली होती.

ज्यांच्या माळ्यावर जुना कापडी पट आणि लाकडी मोहरी असतील त्यांनी हा डाव नातवंडांना लावून दाखवावा. मात पाहून मुले टाळ्या वाजवतील, आणि वाजवावी अशीच ती आहे. मग पट पुन्हा मांडून काळ्या घोड्याचे ते प्यादे एक घर पुढे सरकवावे, आणि ते कुणी सरकवले त्याचे नाव सांगावे.